महिंद्रा थारला 18 इंची ऐवजी लहान रिम टाकताना ब्रेकही लहान करावे लागतात का?

16 इंचापर्यंत बहुधा नाही. लिफ्ट केलेल्या (सस्पेन्शन उंच केलेल्या) थारला 15 इंची रिम कॅलिपरला (ब्रेकच्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, पॅड दाबणारा भाग) घासते म्हणून गॅरेजवाला डिस्क-कॅलिपर लहान टाकायला सांगतोय, तर ऐकू नका. डिस्क लहान झाली की तेवढ्याच पेडल-दाबाला ब्रेकची ताकद कमी पडते, आणि तुमची गाडी लिफ्टने उंच झालीये. लोड घेऊन कसारा घाट उतरताना कळेल!

आपल्या नाशिकच्याच प्लांटमधल्या 2020 च्या थारला एएक्स मॉडेलमध्ये 245/75 आर16 (16 इंची रिमचे) टायर होते, एलएक्स मॉडेलमध्ये 255/65 आर18 (18 इंची). 16 चा टायर उंचीला फक्त 15 मिमी कमी, म्हणून स्पीडोमीटर जेमतेम 2 टक्के जास्त दाखवेल. साइडवॉल (रिमपासून जमिनीपर्यंतची टायरची बाजू) मात्र जाड मिळते. चिखलात हवा कमी करायला तीच हवी.

बाहेरची (कंपनीची नसलेली) अलॉय रिम घेत असाल तर आतला आकार वेगळा असतो. पोरांची खेळायची माती कॅलिपरवर थापा, रिम चढवून नट आवळा, हाताने एक फेरी फिरवा, काढून बघा. माती 3 मिमीपेक्षा पातळ दबली असेल तर ती रिम दुकानदाराला परत. ऑफसेटही (रिम आत-बाहेर किती बसते ते माप) विचारा, नाहीतर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासेल.