वाइतांगीच्या हिरवळीवरचा 6 फेब्रुवारी

प्रश्न : माझा मुलगा न्यूझीलंडमध्ये असतो. येत्या फेब्रुवारीत आम्ही उभयता त्याच्याकडे असू आणि 6 तारखेला वाइतांगी येथील समुद्रकाठच्या ऐतिहासिक मैदानावर जाण्याचा त्याचा बेत आहे. त्या दिवशी तेथे पहाटे प्रार्थना, मग नौकांचा सोहळा आणि नृत्यगायन होते, आणि त्याच जागी निदर्शनेही होतात, असे तो सांगतो. हा आनंदाचा दिवस समजायचा की निषेधाचा? आमच्यासारख्या परक्यांनी तेथे जाणे योग्य दिसेल का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : अवश्य जावे, आणि दोन्ही पाहण्याच्या तयारीने जावे. ज्या हिरवळीवर आपण उभ्या राहाल, तेथेच 6 फेब्रुवारी 1840 रोजी ब्रिटिश राणीच्या वतीने आलेले कॅप्टन विल्यम हॉब्सन आणि माओरींचे, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांचे, चाळीसहून अधिक प्रमुख यांच्यात करार झाला. पुढे त्याच्या प्रती देशभर फिरल्या आणि सही करणाऱ्या प्रमुखांची संख्या 500 च्या वर गेली.

आजच्या वादाचे मूळ मात्र भाषांतरात आहे. हेन्री विल्यम्स हे मिशनरी आणि त्यांचा मुलगा एडवर्ड यांनी इंग्रजी मसुदा एका रात्रीत माओरी भाषेत आणला. इंग्रजी मजकुराप्रमाणे प्रमुखांनी आपले सार्वभौमत्व राणीला दिले. माओरी मजकुरात त्या जागी ‘कावानातांगा’ हा शब्द आला, ज्याचा अर्थ कारभार पाहण्याचा अधिकार असा होतो, आणि जमिनी, गावे व मोलाचा सर्व ठेवा यांवरील ‘तिनो रांगातिरातांगा’, म्हणजे पूर्ण अधिकार, प्रमुखांकडेच राहील असे वचन त्यात होते. जवळजवळ सर्वांनी सह्या केल्या त्या या माओरी मजकुरावर. तेव्हा 6 फेब्रुवारीला त्या मैदानावर कोणी फलक उंचावला, तर तो समारंभाचा विरस करत नसतो. दिलेल्या शब्दाचे काय झाले, हे तो शब्द जेथे दिला गेला तेथेच येऊन विचारत असतो. माझ्या मते यांतले काहीही वगळले तर तो दिवस अपुरा राहील.

या जागेवर सोहळे भरू लागले ते बऱ्याच उशिरा. 1932 मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड ब्लेडिस्लो आणि त्यांच्या पत्नी यांनी, करार झाला त्या वेळी, ब्रिटिश रेसिडेंट म्हणजे ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेले जेम्स बझबी राहत होते ते घर आणि भोवतालची जमीन विकत घेऊन राष्ट्राला अर्पण केली. 1934 च्या मेळाव्याला हजारो माओरी जमले आणि त्याच वेळी ‘ते फारे रुनांगा’ या सभागृहाची पायाभरणी झाली. कराराच्या शताब्दीला, 1940 मध्ये, ते खुले झाले. कोरीव कामाच्या सभागृहांवर सहसा एकाच जमातीची मुद्रा असते. येथे मात्र निरनिराळ्या जमातींच्या शैली एकाच छताखाली आणल्या आहेत. हे सभागृह आणि बझबींचे घर एकाच हिरवळीवर आहेत, हे आवर्जून पाहावे. सत्तरच्या दशकापासून तरुण माओरी कार्यकर्त्यांनी येथे जाहीरपणे जाब विचारायला सुरुवात केली. 1975 मध्ये करारभंगाच्या तक्रारी ऐकणारे वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले आणि 1985 मध्ये थेट 1840 पासूनच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार त्याला मिळाला.

आपण नौकांचा उल्लेख केला आहे. त्यांतली सर्वांत मोठी ‘न्गातोकीमाताफाओरुआ’ ही युद्धनौका शताब्दीसाठीच तीन कौरी वृक्षांच्या खोडांतून घडवली गेली. तिची लांबी 35 मीटरांहून अधिक आहे आणि ती सुरक्षितपणे चालवायला किमान 76 वल्हेकरी लागतात. कोरडी असताना तिचे वजन सुमारे 6 टन असते. लाकूड पाणी पिऊन फुगले की ते 12 टनांपर्यंत जाते. एरवी ती काठावरच्या छपराखाली असते. एकाने पुकारा करावा आणि सगळी वल्ही एका ठेक्यात पाण्यात उतरावीत, हे दृश्य किनाऱ्यावर उभे राहून पाहण्याजोगे आहे. नौकेला हात लावण्यापूर्वी मात्र विचारावे, कारण ती त्यांच्या पूर्वजांच्या मानाची वस्तू आहे.

परकेपणाचा संकोच नको. पाहुण्याला विधिपूर्वक आत घेणे हा माओरी रीतीचा गाभाच आहे. त्या स्वागतविधीला ‘पोफिरी’ म्हणतात. यजमानांकडची स्त्री उंच स्वरात साद घालते, मग पाहुण्यांनी घोळक्यानेच, सावकाश पुढे जायचे असते. मध्येच कोणी पुढे धावू नये, भाषणे चालू असता इकडेतिकडे फिरू नये. सभागृहात शिरण्यापूर्वी पादत्राणे काढावी लागतात, जे आपल्याला सांगावे लागणार नाही. पहाटेची प्रार्थना अंधारातच, 5 च्या सुमारास सुरू होते; त्या वेळी कॅमेरा पिशवीतच ठेवलेला बरा. गर्दी फार असते, म्हणून मुक्काम पाइहिया गावात ठेवून पूल ओलांडून चालत जाणे सोयीचे. फेब्रुवारी हा तेथला उन्हाळा आहे आणि तेथील ऊन फार भाजते, तेव्हा टोपी विसरू नये.

ध्वजस्तंभापाशी मात्र सावकाश थांबा. सह्या जेथे झाल्या ती जागा तो दाखवतो आणि त्यावर तीन ध्वज असतात. त्यांतला पांढऱ्यावर लाल क्रॉसचा, कोपऱ्यातल्या निळ्या चौकोनात चार तारे असलेला ध्वज माओरी प्रमुखांनी 1834 मध्ये, म्हणजे करारापूर्वी सहा वर्षे, याच वाइतांगीत निवडला होता.