फराळाचे फोटो छान आहेत, पण ऑर्डरी येत नाहीत. जाहिरातीत नेमकं काय लिहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला घरून दिवाळी फराळ विकता, फोटो उत्तम आहेत, सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे भरपूर येतात, पण ऑर्डरी तेवढ्या येत नाहीत. मग मजकुराने खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर तो लिहायचा कसा?

पडतो, आणि बराच पडतो. चकलीचा फोटो पाहून तोंडाला पाणी सुटतं, पण पैसे देण्याआधी गिऱ्हाइकाच्या मनात जे येतं त्याचं उत्तर फोटोत नसतं. चकली चार दिवसांनी मऊ पडेल का? तेल कोणतं? चिवड्यात नुसते पोहेच, की दाणे-खोबरंही? ऑफिसातून रात्री आठला मुलुंडला उतरल्यावर डबा कुठून घ्यायचा? बहुतेक लोक हे विचारत बसत नाहीत, पुढच्या मेसेजवर जातात. गिऱ्हाईक समोर उभं असतं तर तुम्ही जे तोंडी सांगितलं असतं, ते आधीच लिहून ठेवणं हे जाहिरातीच्या मजकुराचं काम. पैशांच्या हिशेबानेही पाहा. समजा 1000 पत्रकं पेपरांतून टाकलीत आणि 5 ऑर्डरी आल्या. तेवढ्याच कागदावर, तेवढ्याच छपाईत, दुसऱ्या मजकुराने 10 आल्या, तर दर ऑर्डरीमागचा जाहिरातखर्च निम्मा झाला. कागदवाला किंवा पेपरवाला तुम्हाला निम्म्या दरात काही देणार नाही. मजकूर बदलायला मात्र एक संध्याकाळ पुरते.

लिहायला बसण्याआधी वही घ्या. गेल्या दोन दिवाळ्यांचे व्हॉट्सॲप चॅट उघडा आणि लोकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून काढा. ‘तेलकट नसते ना?’, ‘किलोत किती बसतात?’, ‘अनारसे जाळीदार होतात का?’ तीस-चाळीस प्रश्न जमले की त्यातले चार-पाच पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. सगळ्यात जास्त वेळा आलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा मथळा. बाकीची उत्तरं त्याखाली.

आता ग्रुपवर फिरणारा नेहमीचा मजकूर घ्या: ‘आईच्या हातची चव! शुद्ध, चविष्ट, दर्जेदार घरगुती फराळ. आजच ऑर्डर करा!’ यावर शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंचं नाव घालून वाचा. एक शब्दही बदलावा लागत नाही. जे वाक्य कुणाच्याही नावाखाली खपतं ते तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून ते खोडा. त्याच जागेत हे बसतं (आकडे नमुन्याचे, तुमचे खरे घाला):

भाजणीची चकली, भाऊबीजेलाही कुरकुरीत.
भाजणी घरी भाजून दळलेली: तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे. तळण शेंगदाणा तेलात. एकदा वापरलेलं तेल पुन्हा वापरत नाही.
अर्धा किलो 280 रुपये, साधारण 24 नग.
ऑर्डर 14 तारखेच्या रात्रीपर्यंत. डबे 17 आणि 18 ला, मुलुंड पश्चिम, स्टेशनजवळ, संध्याकाळी 7 ते 9.
‘चकली’ आणि किती किलो, एवढंच या नंबरवर पाठवा.

यात एकही विशेषण फुकटचं नाही. ‘कुरकुरीत’ आहे, पण त्याला भाऊबीजेची मुदत जोडलेली आहे. ही मुदत लिहिण्याआधी एक पाकीट तेवढे दिवस घरात ठेवून उघडून बघा. नगही अर्धा किलो प्रत्यक्ष तोलून मोजा. शेवटच्या ओळीत माणसाने नेमकं काय टाइप करायचं ते सांगितलं आहे. ‘संपर्क साधा’ एवढ्यावर सोडलं की त्याला आधी नमस्कार, मग चौकशी, मग दर असं सगळं जुळवावं लागतं, आणि ‘नंतर करू’ म्हणून ते राहून जातं. दर न लिहिता ‘किमतीसाठी मेसेज करा’ म्हणणंही तसंच अंगलट येतं. दर विचारायला संकोच वाटणारी माणसं पुष्कळ असतात, आणि ती तुम्हाला कधी दिसतच नाहीत.

सगळ्यात जास्त राहून जातात त्या तुम्हाला अगदी साध्या वाटणाऱ्या गोष्टी. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग निथळून, कुटून, गूळ घालून पीठ मुरत ठेवायचं. हे प्रत्येक सुगरण करते, म्हणून ते लिहावंसं तुम्हाला वाटत नाही. पण ज्या घरात दोघंही सकाळी 8:10 ची लोकल पकडतात, त्या घराला ही तीन दिवसांची खटपटच विकत घ्यायची असते. ती लिहिली की दर आपोआप समजतो. दुकानात चकली स्वस्त मिळत असेल तर त्या मुद्द्यालाही बगल देऊ नका. 1980 च्या दशकात निरमा ही कपडे धुण्याची पावडर स्वस्तात विकली जात होती, तेव्हा मुंबईच्या लिंटास या जाहिरात कंपनीत ॲलेक पदमसी यांच्या हाताखाली सर्फ या महाग पावडरीच्या जाहिरातीतली ललिताजी उभी राहिली. तिने महाग किमतीचा विषय टाळला नाही. अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीइतकं काम करतं, असा हिशेब तिने मांडला. शंका पैशांची होती, उत्तरही पैशांतच दिलं. तुमच्याकडे असा खरा हिशेब असेल (तेल कोणतं, दाणे किती, वजन डब्यासह की डब्याशिवाय), तर तो मांडा.

काही शब्द मात्र जपून वापरा. खजुराच्या किंवा गुळाच्या लाडवांना ‘शुगर-फ्री’ म्हणू नका. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दलच्या 2018 च्या एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण) नियमांनुसार 100 ग्रॅममध्ये जास्तीत जास्त 0.5 ग्रॅम शर्करा असेल तरच तो शब्द चालतो, आणि खजूर-गूळ म्हणजे शर्कराच. ‘गोडी खजुराची’ किंवा ‘गोडी गुळाची’ असं लिहा. ते खरंही आहे आणि जास्त समजतंही. शुद्ध, ताजे, नैसर्गिक, पारंपरिक या शब्दांनाही त्या नियमांत अटी आहेत. मधुमेह बरा होतो असं सुचवणं तर 1954 च्या चमत्कारी उपचारांविषयीच्या कायद्याखाली येतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याची अट लिहावी लागते. म्हणजे मराठी ऑफरखाली बारीक इंग्रजीत ‘अटी लागू’ चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. तुमचा एफएसएसएआय नोंदणीचा 14 अंकी क्रमांक जाहिरातीवर छापा. अनोळखी माणसाला त्याने धीर येतो.

माध्यमाप्रमाणे लांबी बदला. व्हॉट्सॲपवर मोठा मेसेज ‘आणखी वाचा’ खाली दुमडला जातो, म्हणून पदार्थ आणि शेवटची तारीख अगदी वर हवी. शब्द ठळक करायला दोन्ही बाजूंना तारका लावता, तेव्हा तारका आणि शब्द यांत जागा सोडू नका, नाहीतर नुसत्या तारकाच दिसतात. गूगलच्या शोध-जाहिरातीत एका मथळ्याला 30 आणि वर्णनाला 90 कॅरेक्टरची मर्यादा असते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘दिवाळी’ डोळ्यांना तीन अक्षरं, मोजणीत सहा. ‘भाजणीची चकली, मुलुंडमध्ये’ 25 मध्ये बसतं. एसएमएसच्या फंदात पडू नका: मराठी मेसेज 70 कॅरेक्टरला संपतो, पुढे दुसऱ्या मेसेजचे पैसे लागतात, शिवाय नाव आणि मजकूर आधी नोंदवावा लागतो. हायवेवरच्या होर्डिंगला पाच-सहा शब्द पुरतात, पण लोकलच्या डब्यातल्या पाटीसमोर माणूस अर्धा तास उभा असतो, तिथे चांगला परिच्छेदसुद्धा वाचला जातो. सोसायटीच्या गेटवर, परवानगी घेऊन, फ्लेक्स लावणार असाल तर वाचणाऱ्याच्या दर 10 फूट अंतरामागे अक्षराची उंची निदान 1 इंच धरा. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींत जास्त जागा सोडा.

भाषेबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं. मुंबईत कितीतरी जाहिराती इंग्रजी किंवा हिंदीत लिहून नंतर मराठीत ‘ॲडॅप्ट’ होतात, आणि त्यांची नक्कल करता करता आपणही तसंच लिहायला लागतो: ‘आता मिळवा अप्रतिम चव’, ‘द्या आपल्या दिवाळीला गोडवा’. असं घरात कुणी बोलत नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी न्या, ‘मिळवा’ काढा, आणि मजकूर बहिणीला किंवा शेजारणीला मोठ्याने वाचायला द्या. ती जिथे अडखळेल ते वाक्य बदला. ‘ऑर्डर’ला ‘मागणी नोंदवा’ करायची गरज नाही. मुलुंडच्या ग्रुपवर ‘ऑर्डर’ सरळ वाटतं.

दोन मजकूर ताडून पाहायचे असतील तर फक्त मथळा बदला. दर, फोटो, दिवस सगळं तेच ठेवा, आणि एकात ‘चकली’, दुसऱ्यात ‘फराळ’ असा वेगळा शब्द पाठवायला सांगा, म्हणजे ऑर्डर कुठून आली ते कळेल. दोन्ही पत्रकं प्रत्येक इमारतीत निम्मी निम्मी वाटा. एक एका इमारतीत आणि दुसरं दुसरीत टाकलंत तर फरक मजकुराचा की माणसांचा, हे कळत नाही. आणि 200-200 पत्रकांवर 4 विरुद्ध 6 आल्या तर त्यावरून काही ठरवू नका; एवढा फरक योगायोगानेही पडतो. 3 विरुद्ध 15 असेल तर दुसरा मजकूर ठेवा.

छापण्याआधी प्रूफ पाहाच. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर प्रेसवाला जुन्या फाँटमध्ये बदलतो तेव्हा जोडाक्षरं तुटतात, आणि ‘खोबऱ्याचं’ मधला अर्धा ऱ हमखास रफार होऊन बसतो. ‘पुऱ्या’, ‘क्ष’ आणि ‘ॲ’ असलेले शब्द आणि सगळे आकडे बोट ठेवून वाचा. मग प्रूफवर छापलेला फोन नंबर तिथूनच पाहून डायल करा, आणि घंटी तुमच्याच फोनवर वाजली की प्रेसला होकार द्या.