तापलेल्या रसाचे मोजमाप

रत्नागिरी,
वैशाख

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मासळी निर्यातीच्या कारखान्यातली अडीच वर्षांची नोकरी सोडून तू आंब्याच्या कॅनिंगमध्ये आलीस, इथले साहेब सौम्य आहेत, आणि तरीही प्रत्येक नोंद तीन-तीनदा तपासल्याशिवाय तुझ्याच्याने वहीवर सही होत नाही, हे वाचून वाईट वाटले. आश्चर्य मात्र वाटले नाही. तुझ्या वयाची असताना मीही याच धंद्यात एका व्यवस्थापकाच्या हाताखाली तीन हंगाम काढले. चूक कोणाचीही असो, ते सगळ्या कामकरी बायकांसमोर माझा उद्धार करीत, आणि काम चोख झाले की काहीच बोलत नसत. तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस झाकण बसवणाऱ्या सीमिंग मशीनवरून उतरलेला डबा नीट बंद झाला आहे की नाही, एवढेही ठामपणे सांगण्याचे धैर्य माझ्यात उरले नव्हते.

"मी मुळातच कच्ची होते, की जुन्या साहेबांनी मला तसे केले?" असे तू विचारतेस. रसातली साखर मोजणारा तुझ्या हातातला रिफ्रॅक्टोमीटर आठव. तो २० अंश सेल्सिअसला बेतलेला असतो, म्हणून वैशाखातल्या उकाड्यात तापलेल्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, तो खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, आणि आपण तक्त्यातली दुरुस्ती त्यात मिळवतो. आकडा खाली आला म्हणून रसातली साखर उणी झाली असे तू कधीच म्हणणार नाहीस. अडीच वर्षे तुझे मोजमाप अशाच तापलेल्या हवेत होत राहिले, आणि दुरुस्ती मिळवायची असते हे तुला कोणी सांगितले नाही.

याविषयी मानसशास्त्रात झालेले काम तुला ठाऊक असावे असे वाटते. सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की ज्यांना विजेच्या झटक्यांतून सुटण्याचा मार्गच ठेवलेला नव्हता, त्यांतली बरीचशी पुढे मार्ग मोकळा असतानाही धडपड करीनाशी झाली. याला त्यांनी शिकलेली असहायता म्हटले. पुढे २०१६ मध्ये मात्र त्यांनीच आपले म्हणणे सुधारले: दीर्घ त्रासात गप्प पडून राहणे ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे, आणि शिकावे लागते ते हे, की आपल्या हातात काही आहे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण तुझ्या आजच्या अवस्थेला स्वभावदोष म्हणण्याचे कारण त्यामुळे उरत नाही, आणि राहिलेले शिकण्याची वाट मोकळी राहते. बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले, की आपल्याला जमेल हा विश्वास सर्वांत अधिक येतो तो स्वतः काम पार पाडल्याच्या अनुभवातून. इतरांच्या शब्दांचा आधार त्या मानाने दुबळा ठरतो. म्हणून नव्या साहेबांच्या शाबासकीची वाट पाहू नकोस.

माझ्या बाबतीत ते कसे घडले, तेवढे सांगते. दुसऱ्या कारखान्यात सीमिंगवर एक जुन्या जाणत्या बाई होत्या. नमुन्याचा डबा कापण्यापूर्वी त्या मला विचारीत, "तुम्हाला काय वाटतं?" मी उत्तर दिल्यावरच आम्ही डबा कापून सीमचे, म्हणजे झाकणाच्या सांध्याचे, माप घेत असू. महिनाभरात लक्षात आले, की माझी उत्तरे बहुतेक वेळा मापाशी जुळत होती. कदाचित पूर्वीही जुळत असावीत, पण तेव्हा मला कोणी आधी विचारलेच नव्हते. तूही एक वेगळी वही घाल. बॅच हाती आली की चव आणि रंग पाहून आपला अंदाज प्रथम लिही, मग यंत्राचा आकडा लिही, आणि एकदा तपासून सही कर. अंदाज चुकला तर तोही राहू दे, खाडाखोड करू नकोस.

जुन्या साहेबांचे सगळेच बोलणे खोटे होते असेही मानू नकोस. शीतगृहातले तापमान नोंदवायचे दोनदा राहिले, असे ते म्हणाले असतील आणि ते खरे असेल, तर ती चूक स्वीकार आणि त्यावरचा उपाय लिहून ठेव. "तुला अक्कलच नाही" या वाक्यात मात्र कोणती नोंद, कोणत्या दिवशी, यातले काहीच नाही. ते तपासता येत नाही, तेव्हा ते सोबत वागवण्याचेही कारण नाही. शंका विचारण्याआधी माफी मागण्याची जी सवय तुला लागली आहे, तीही हळूहळू सोड.

रात्री झोप लागत नाही, हे तू एकाच ओळीत उरकले आहेस. तेवढ्यावर ते सोडू नकोस. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. नाहीतर डॉक्टरांकडे मी तुझ्यासोबत येईन.

मृगाचा पाऊस लागला की हंगाम आटोपेल. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी जेवायला ये, आणि येताना ती वही घेऊन ये. दोन्ही रकाने आपण शेजारी बसून वाचू.

तुझी,
मावशी