वहीतले प्रश्न आणि विहिरीवरचा अबोला

प्रिय भगिनी,

वसईच्या वाडीतून आलेले तुमचे पत्र मिळाले. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू झाल्यापासून तुम्ही रोज रात्री वही उघडून आत्मपरीक्षणाच्या वीसेक प्रश्नांची उत्तरे लिहिता. 'आज मी कोणाला दुखावले?' या प्रश्नापुढे दररोज जावेचेच नाव येते, कारण सामाईक विहिरीच्या पाण्यावरून तुमच्यात अनेक महिन्यांचा अबोला आहे. आता झोप उडाली आहे, चर्चमधल्या मिस्सा या उपासनेच्या वेळी ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, स्वीकारण्यासही मन धजत नाही, आणि हे प्रश्न मला देवापासून दूर तर नेत नाहीत ना, ते बंद करावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

ते बंद करू नयेत, असे मला मनापासून वाटते. मात्र ज्या रीतीने तुम्ही ते स्वतःला विचारता, ती रीत बदलायला हवी. तुमच्या वहीत पहिल्या ओळीपासून चुकांचीच चौकशी आहे, आणि तिथे आरोप करणाऱ्याही तुम्ही व निवाडा देणाऱ्याही तुम्हीच. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी 'आध्यात्मिक साधना' या 1548 साली छापल्या गेलेल्या पुस्तकात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत. त्यांतली पहिली मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानण्याची आहे आणि दुसरी आपली पापे ओळखण्यासाठी त्याच्याकडे कृपा मागण्याची. दिवसाचा हिशेब त्यानंतर येतो, आणि मग क्षमायाचना व सुधारणेचा निश्चय. बायबलमधल्या 139 व्या स्तोत्राच्या शेवटीही स्तोत्रकर्ता आपले हृदय तपासण्याची विनंती देवाला करतो, ते काम एकट्याने अंगावर घेत नाही. म्हणून वही उघडण्यापूर्वी त्या स्तोत्राच्या शेवटच्या दोन ओळी सावकाश वाचा आणि त्या दिवसातल्या एखाद्या नेमक्या गोष्टीबद्दल आभार माना. वीस प्रश्नांची तर मुळीच गरज नाही. एका वेळी एकच दोष घेऊन त्यावर लक्ष ठेवण्याची पद्धतही इग्नातींनीच सांगितली आहे, आणि तिच्यात एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना करून सुधारणा होते आहे का, एवढेच पाहायचे असते.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र जावेचे नाव रोज येणे, ही आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर रात्रीमागून रात्री तेच येते, त्याचे काम झालेले असते; तो पुन्हा लिहिल्याने अपराधाची टोचणी तेवढी वाढते आणि काही केल्याचे समाधान मात्र फुकट मिळते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो की वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन ते वाहावे. तेव्हा आता वहीत एवढेच विचारा: 'उद्या तिच्या दारात गेल्यावर पहिले वाक्य मी काय बोलेन?' ते लिहून काढा आणि जा. तुम्ही बोललेल्या कठोर शब्दांची क्षमा मागितली म्हणजे पाण्यावरचा हक्क सोडला, असे होत नाही. कोणाच्या पंपाची वेळ कोणती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर वेगळ्या दिवशी बसून ठरवावे. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत आणल्यास क्षमायाचनेलाही सौद्याचे रूप येईल. तिने तोंड फिरवले तर तुम्हाला वाईट वाटेल, पण तुमच्याकडून व्हायचे ते झालेले असेल, आणि दार पुन्हा केव्हाही ठोठावता येते.

भीतीबद्दलही लिहिते, कारण ती अंगावर काढण्याजोगी नाही. स्वतः इग्नातींना 1522 च्या सुमारास स्पेनमधल्या मान्रेसा येथे अशाच शंकांनी ग्रासले होते. कबूल केलेली पापे ते पुन्हापुन्हा कबूल करत आणि तरीही त्यांना शांती मिळत नसे. ख्रिस्तशरीर स्वीकारावे की नाही, हे रात्रीच्या जागरणात एकटीने ठरवू नका. धर्मगुरूंकडे पापनिवेदनासाठी जा, आणि त्याखेरीज वेगळी वेळ मागून ही वही त्यांना दाखवा; कोणते प्रश्न ठेवावेत आणि कोणते खोडावेत, हे तुम्हाला ओळखणारी व्यक्ती माझ्यापेक्षा नीट सांगेल. एवढे करूनही झोप येत नसेल, तर डॉक्टरांना भेटण्यात श्रद्धेची कोणतीही उणीव नाही.

जावेशी बोलणे झाल्यावर वहीसाठी नवा प्रश्न हवा असेल, तर यरीहोच्या वाटेवर येशूने आंधळ्या बार्तीमयाला विचारलेला घ्या: मी तुझ्यासाठी काय करावे, अशी तुझी इच्छा आहे? त्याचे उत्तर द्यायला तुम्हाला काही रात्री लागतील, आणि त्या लागू द्या.