वकिली, लोकसेवा आणि शिक्षणसंस्थेचं नेतृत्व केलेल्या व्यक्तीचं मानपत्र कसं लिहावं?

तुमचा प्रश्न असा आहे: एका ज्येष्ठ वकीलबाईंनी अनेक वर्षं वकिली केली, काही काळ त्या सरकारी वकील होत्या, गरजूंना मोफत कायदेविषयक मदत दिली आणि पुढे एका शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद सांभाळलं. त्यांच्या गौरवासाठी मानपत्र आणि छोटी पुस्तिका लिहायचं काम तुमच्याकडे आलंय. जुनी मानपत्रं चाळलीत तर नाव बदलून कुणालाही चालतील अशी वाटली.

तशी ती वाटतात, कारण त्यांत पदं असतात आणि कामं नसतात. म्हणून लिहायला बसण्याआधी एक तक्ता करा. त्यात चार रकाने ठेवा: साल, पद, त्या पदावर असताना बाईंनी घेतलेला निर्णय किंवा केलेलं काम, आणि त्याचा कागद कुठे आहे. ज्या ओळीचा तिसरा रकाना रिकामा राहील ती मानपत्रात घेऊ नका. पुस्तिकेच्या शेवटी कालपट द्यालच, तिथे ती जाईल.

मुकुंदराव जयकरांचं उदाहरण घ्या. ‘नामवंत बॅरिस्टर, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू’ एवढ्यावर थांबलात तर माणूस दिसत नाही. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे ते अध्यक्ष होते. पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारावा, ही त्या समितीची शिफारस पुढे अमलात आली. एका कायदेपंडिताने रस्त्यांच्या पैशांची सोय लावून दिली हे वाचलं की लोकसेवा या शब्दाला वजन येतं. तुमच्या बाईंच्या कारकिर्दीतही असं एखादं आडबाजूचं काम असणार. ते शोधण्यात निम्मा वेळ गेला तरी तो सत्कारणी लागेल.

तक्त्यात पदं एकाखाली एक मांडली की ती एकामागून एक आली असा भास होतो. प्रत्यक्षात ती एकमेकांवर चढलेली असतात. आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा कारभार पाहत होते. पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. एवढी मोठी जबाबदारी अंगावर असताना कुणी शिक्षणसंस्था उभी करतं, हीच गौरवाची गोष्ट. म्हणून प्रत्येक कामासमोर ‘याच काळात आणखी काय चालू होतं’ हे पेन्सिलीने लिहून ठेवा.

आता तारखा. कायद्याची पदवी, सनद (वकिली करण्याचा परवाना) मिळाल्याची तारीख आणि प्रत्यक्ष वकिली सुरू झाल्याची तारीख या तीन वेगळ्या तारखा आहेत आणि बहुतेक मानपत्रांत त्यांची सरमिसळ झालेली असते. ‘सलग चाळीस वर्षं वकिली’ लिहिण्याआधी मधली सरकारी वकिलीची किंवा अध्यापनाची वर्षं त्यात धरायची का, ते बाईंनाच विचारा. निकाल-संग्रहात छापलेल्या निकालपत्रात दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावं असतात, त्यामुळे वरिष्ठ न्यायालयांतली कामं तिथे सापडतात. खालच्या न्यायालयांतले निकाल सहसा छापले जात नाहीत, तिथे वकीलपत्र (पक्षकाराने वकिलाला दिलेलं अधिकारपत्र) आणि रोजनामा (खटल्याच्या प्रत्येक तारखेच्या कामकाजाची न्यायालयाची नोंद) हाच आधार. दोन गोष्टी हमखास चुकतात. वकीलपत्रावर नाव असलं तरी युक्तिवाद कुणी केला हे वेगळं पाहावं लागतं, सहकारी म्हणून बसलेल्या व्यक्तीला मुख्य वकील ठरवू नका. आणि ज्या निकालाचा ‘ऐतिहासिक’ म्हणून उल्लेख करणार आहात तो पुढे अपिलात फिरला नाही ना, हे अवश्य तपासा. समारंभाला वकील मंडळी हजर असतील आणि त्यांच्या ते लगेच लक्षात येईल.

‘अमुक इतके खटले जिंकले’ हे वाक्य मी कधीच घेणार नाही. खटल्याचा निकाल पुराव्यावर लागतो आणि उत्तम वकीलही हरतात. सरकारी वकिलीच्या बाबतीत तर शिक्षा झालेल्यांचा आकडा ही प्रशंसाच चुकीची आहे. सरकारी वकिलाचं कर्तव्य न्यायालयाला मदत करण्याचं असतं, आरोपीला काहीही करून अडकवण्याचं नव्हे. आरोपीच्या बाजूचा कागद त्यांनी स्वतः न्यायालयापुढे ठेवला असेल, कच्च्या पुराव्यावर खटला रेटायला नकार दिला असेल, साक्षीदाराला ताटकळत ठेवू नये म्हणून तारखांचं नियोजन केलं असेल, तर ते लिहा. यातलं एक जरी कागदावर सापडलं तरी ते दहा विशेषणांना भारी आहे.

वकिलाच्या गौरवात एक पथ्य डॉक्टरांइतकंच कडक आहे: गुप्तता. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट खटला संपला म्हणून किंवा पक्षकार वारला म्हणून खुली होत नाही, आणि ती उघड करायची मुभा वकिलाची नसते, पक्षकाराची असते. निकालपत्रात आलेलं सांगता येतं, कार्यालयात ऐकलेलं नाही. कौटुंबिक वाद, मुलांचा ताबा, लैंगिक अत्याचार यांत नाव तर नकोच, पण गाव, साल, व्यवसाय असा ओळख पटेल असा तपशीलही नको. पक्षकाराने लिहिलेलं आभाराचं पत्र छापायचं असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या. चालू असलेल्या प्रकरणांचा उल्लेख टाळा.

मोफत मदतीबद्दल लिहिताना शब्द जपून वापरा. फी घेतलीच नाही, कमी घेतली, की पक्षकाराला मदत मोफत मिळाली पण वकिलाला मानधन सरकारी योजनेतून मिळालं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही सन्मानाच्याच आहेत. मात्र तिसरीला पहिली म्हटलं तर जाणकार नाराज होतात आणि बाकीच्या मजकुरावरचाही त्यांचा विश्वास उडतो.

शिक्षणसंस्थेच्या भागाला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण तिथेच ‘यांच्या काळात’ आणि ‘यांच्यामुळे’ यांची गल्लत होते. विद्यार्थिसंख्या दुप्पट झाली ती अध्यक्षांमुळे, की शेजारची संस्था बंद पडली म्हणून? सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा एकाच पद्धतीने मोजलेला हवा. एकीकडे प्रवेश घेतलेले आणि दुसरीकडे परीक्षेला बसलेले असं चालत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे सभांचं इतिवृत्त. समजा, एका सभेत नोंद आहे: ‘ठराव ७. ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवण्यास मंजुरी. सूचक: अध्यक्ष. दोन सदस्यांचा विरोध नोंदवला.’ या एका ओळीत बरंच काही आहे. कल्पना कुणाची होती ते कळतं, ती सहज मंजूर झाली नाही हेही कळतं. आता पुढच्या सभेचं इतिवृत्त काढा आणि ठराव कायम झाला का ते बघा, त्या वर्षीच्या हिशेबात जादा कर्मचाऱ्याचा खर्च पडलाय का ते बघा आणि ग्रंथालयाची हजेरीवही मागा. तिन्ही जुळलं तर वाक्य तयार: ‘दिवसा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवण्याचा प्रस्ताव आपण मांडलात, विरोध असतानाही तो पटवून दिलात, आणि तो आजही चालू आहे.’ याच्या शेजारी ‘शैक्षणिक क्षेत्रातील भरीव योगदान’ ठेवून पाहा. मात्र यातला ‘दिवसा नोकरी करणाऱ्या’ हा भाग इतिवृत्तात नाही, तो कुणीतरी तुम्हाला सांगितलेला असायला हवा.

अध्यक्षपदाची खरी पारख अशा ठिकाणी होते जिथे सहसा कुणी पाहत नाही: पगार वेळेवर झाले का, नेमणुका जाहिरात देऊन आणि मुलाखती घेऊन झाल्या का, तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला लेखी उत्तर मिळायचं का. हे विश्वस्तांपेक्षा लेखापाल आणि ग्रंथपाल नेमकं सांगतात. बाई संस्थेच्या अध्यक्षा असताना संस्थेचे खटलेही त्याच चालवत होत्या का आणि फी घेत होत्या का, हे आताच विचारून घ्या. उत्तर काहीही असो, ते तुम्हाला छापण्याआधी माहीत असावं.

शिक्षणातल्या कामाचं फळ पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर आणि उशिरा दिसतं. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठाचं संध्याकाळी भरणारं कायदा महाविद्यालय पूर्णवेळ केलं आणि १९३१ साली त्याला अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली. त्यांचे विद्यार्थी थरगुड मार्शल तिथून १९३३ साली बाहेर पडले. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल मार्शल यांनी १९५४ साली मिळवला, तेव्हा ह्यूस्टन यांना जाऊन चार वर्षं झाली होती. म्हणून बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या वकिलांची आणि शिक्षकांची यादी करा आणि ते आज काय करतात ते विचारा.

मुलाखतींसाठी आठ ते दहा माणसं पुरतात, मात्र निवड विचारपूर्वक करा. विरुद्ध बाजूने उभे राहिलेले एक वकील, न्यायालयातले एक कर्मचारी, दोन जुने सहायक, आणि त्यांच्याशी मतभेद असलेले एक शिक्षक हवेतच. ‘त्या कशा होत्या?’ असं विचारलंत तर ‘फार मोठ्या मनाच्या’ एवढंच मिळेल. ‘त्यांनी तुमचं कोणतं म्हणणं खोडून काढलं?’ किंवा ‘तुमच्या कोणत्या कागदावर त्यांनी दुरुस्त्या केल्या?’ असं विचारा. बाईंशी शेवटी बोला, तक्ता समोर ठेवून, दीड-दीड तासाच्या दोन बैठकांत. कोणता उल्लेख नको आहे हेही तेव्हाच विचारा आणि त्यांचा नकार पाळा.

मानपत्राचा मजकूर ३०० शब्दांच्या आसपास ठेवा. समारंभात सावकाश वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटं. उभ्या असलेल्या सत्कारमूर्तीला आणि ऐकणाऱ्यांना त्याहून जास्त जड जातं. सुरुवात जन्मगावाने आणि बालपणाने करू नका, सर्वांत ठळक कामाने करा. न्यायालयातलं एक, लोकसेवेतलं एक, शिक्षणातली दोन अशी चार कामं पुरे, बाकी सगळं पुस्तिकेत. संबोधन ‘आपण’ ठेवा आणि ते मध्येच ‘त्यांनी’ होऊ देऊ नका, ही चूक फार आढळते. एकदा मोठ्याने वाचा. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा.

चौकटीत बसवलेलं मानपत्र दुरुस्त करता येत नाही. छापण्याआधी दोघांनी अंतिम मुद्रित तपासून त्यावर सही करावी, त्यातली एक व्यक्ती बाईंना न ओळखणारी असावी. ओळखीच्या माणसाचे डोळे चुकीचं आडनावही बरोबर वाचतात. नावाची आद्याक्षरं, पदव्यांचा क्रम आणि संस्थेचं नोंदणीकृत नाव कागदाशी ताडून पाहा. पुस्तिकेची पानं आठच्या पटीत ठेवा, ३२ पुरेशी होतील. प्रत्येक छायाचित्राखाली साल आणि डावीकडून नावं द्या. नावं पटवायला आज हयात असलेली माणसं पुढे मिळणार नाहीत.

समितीला त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करायची असेल तर आधी गणित करा. दरवर्षी निधीच्या शेकडा ४ इतकीच रक्कम खर्च करायची ठरवली तर वार्षिक शिष्यवृत्तीच्या २५ पट मूळ निधी लागतो. व्याज त्याहून जास्त मिळालं तर उरलेलं मुद्दलात घाला, नाहीतर महागाईत शिष्यवृत्तीची किंमत घटत जाते. निवड कोण करणार, कुटुंबीयांचा त्यात सहभाग असेल का (माझ्या मते नसावा), आणि तो अभ्यासक्रम बंद पडला तर निधी कुठे वळवायचा, या तीन गोष्टी देणगी स्वीकारण्याआधी लेखी ठरवा.

आणि तो चार रकान्यांचा तक्ता, मुलाखतींची टिपणं, परवानगीपत्रं आणि कागदपत्रांच्या प्रती समारंभानंतर टाकून देऊ नका. पक्षकारांची ओळख पटेल असं त्यातलं काही आधी वेगळं काढा, मग एक संच संस्थेच्या ग्रंथालयात द्या आणि एक बाईंकडे.