मुलगी घरी इंग्रजी कादंबऱ्या वाचते, मग इंग्रजीच्या तासाला का कंटाळते?

तुम्ही विचारलंय की मुलगी नववीत आहे, घरी इंग्रजी कादंबऱ्यांचा फडशा पाडते, तरी इंग्रजीच्या तासाला जांभया देते. मग या अवांतर वाचनाचा उपयोग काय?

उपयोग होतोय, म्हणूनच ती कंटाळतेय. एका बैठकीत निम्मी कादंबरी संपवणाऱ्या मुलीला तोच चार पानी धडा आठवडाभर घोळवलेला कसा सोसेल? खोट तिच्यात शोधू नका.

मी इंग्रजी शिकवायचे. नववीला आठवड्यातला एक तास मी मोकळा ठेवला होता. हवं ते पुस्तक आणा, नाही आवडलं तर सोडून द्या, मी काही विचारणार नाही. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा त्या तासाला रहस्यकथा वाचायला लागला. एक संपली की दुसरी. पुढे एका धड्यातला म्हातारा स्वभावाने कसा आहे, असं मी विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, दयाळू. हा उठला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, लेखक त्याला दयाळू दाखवतोय, पण त्याच्याकडे पैसा कुठून आला ते सांगायचं टाळतोय. क्रियापदं चुकली होती, पण अख्ख्या वर्गात लेखकावर संशय घेणारा तो एकटा होता! प्रश्नोत्तरं पाठ करून हे येत नाही.

मग एका वरिष्ठ शिक्षिकेने नोंदवही काढायला लावली. प्रत्येक पुस्तकाचा सारांश, तात्पर्य आणि कठीण शब्दांची यादी. या मुलाने आधी पातळ पुस्तकं निवडली, मग आणणंच सोडलं. बाईंचं म्हणणं, ‘नोंद नसेल तर मुलं वाचतात हे कशावरून?’ मी म्हटलं, सारांश शेजाऱ्याच्या वहीतूनही उतरवता येतो, त्यावरून तरी काय कळतं? शेवटी अभ्यासक्रम मागे पडतो या सबबीवर तो तासच गेला.

याचा राग मला आजही येतो, कारण पुरावा तेव्हाही होता. एली आणि मंगुभाई या संशोधकांनी १९८० मध्ये फिजीतल्या ग्रामीण शाळांत वर्गावर्गात इंग्रजी गोष्टींची भरपूर पुस्तकं दिली. काही वर्गांत शिक्षक ती मुलांबरोबर वाचत, काही वर्गांत मुलं नुसती मनात वाचत. दोन्हीकडची मुलं नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांच्या पुढे गेली, आणि दुसऱ्या वर्षाअखेर तो फरक लेखनातही दिसला.

ती मुलं तुमच्या मुलीपेक्षा लहान होती, हे खरं. आणि परीक्षेतली उत्तरं कादंबऱ्या वाचून लिहिता येत नाहीत, त्याचा सराव वेगळा करावाच लागतो. पुस्तकही झेपणारं हवं. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासाप्रमाणे गोष्ट आधाराविना कळायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. तिला ती कळतेय म्हणूनच ती वाचतेय, तेव्हा ‘जरा दर्जेदार वाच’ म्हणत हातातलं पुस्तक काढून घेऊ नका.

जेवताना ती आपणहून एखाद्या पात्राबद्दल बोलली तर ऐका, उलटतपासणी घेऊ नका. आणि शाळेने नोंदवही मागितली तर स्वतः जाऊन सांगा, पुस्तकांची नावं देऊ, सारांश देणार नाही.