थेओफानिया ते टिफनी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

नावांच्या व्युत्पत्तीवरचा तुझा लेख वाचला. ‘टिफनी’ हे नाव ग्रीक ‘थेओफानिया’वरून आले हे तू बरोबर लिहिलेस, पण त्यातला ‘थेओस’ (ईश्वर) हा शब्द आणि आपला ‘देव’ एकाच मुळाचे असे जे पुढे ठोकून दिलेस ते आधी काढून टाक. ‘देव’चे सख्खे नाते लॅटिन ‘देउस’शी आहे, ‘थेओस’ कानाला कितीही जवळचा वाटला, तरी त्याचे मूळ निराळे. गंमत अशी की, याच शब्दाच्या उत्तरार्धातले ‘फाइनो’, म्हणजे प्रकट करणे, हे संस्कृत ‘भा’ धातूचे आणि म्हणून आपल्या प्रभा-आभांचे खरे नातलग आहे, आणि तिकडे तुझे लक्षच गेले नाही.

शब्द फोडण्याआधी तो कुठे आणि कशासाठी वापरात होता ते पाहावे. थेओफानिया हा प्राचीन ग्रीसमधल्या डेल्फी या तीर्थस्थानाचा उत्सव. लिडियाचा राजा क्रीसस याने तिथे अर्पण केलेल्या चांदीच्या प्रचंड पात्रात सहाशे अम्फोरा (द्रव मोजण्याचे ग्रीक माप) मावत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो आणि पुरावा म्हणून डेल्फीचे लोक थेओफानियाच्या वेळी त्यातच मद्य कालवतात, याकडे बोट दाखवतो. (ग्रीक लोक मद्य पाणी मिसळूनच पीत.) शब्दकोशातल्या अर्थापेक्षा हे एक वाक्य तुझ्या लेखाला अधिक वजन देईल.

पुढे ख्रिस्ती लोकांनी हाच शब्द ख्रिस्त जगापुढे प्रकट झाल्याच्या ६ जानेवारीच्या सणाला लावला; गोव्यात रेइश मागूशला तीन राजांचे फेस्त होते तो हाच दिवस. आपल्याकडे रामनवमीला जन्मलेल्या मुलाचे नाव राम ठेवतात, तसे युरोपात या सणाच्या सुमारास जन्मलेल्या मुलीला लॅटिनमध्ये थेओफानिया म्हणू लागले. फ्रेंचांच्या तोंडी त्याचे टिफेन झाले आणि इंग्रजीत टिफनी. त्यामुळे ‘टिफनी म्हणजे देवाचे दर्शन’ एवढेच लिहून थांबलीस, तर नाव ठेवण्यामागचे कारणच हरवते.

९७२ साली रोममध्ये पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या ऑटोशी विवाह झालेल्या थेओफानो या बायझंटाइन राजकन्येला मात्र या रांगेत बसवू नकोस. तिचे ग्रीक नाव त्याच घटकांचे आहे, एवढेच म्हण. मुलगा लहान असताना राज्य चालवणाऱ्या या सम्राज्ञीने ९९० साली रावेन्ना येथे काढलेल्या एका सनदेत तिचे नाव ‘थेओफानिउस इम्पेरातोर’ असे, म्हणजे चक्क पुल्लिंगी रूपात, येते. त्यावर एक स्वतंत्र परिच्छेद लिही आणि मसुदा पुन्हा पाठव.

कळावे.